जुन्या मोटारीचे दिवे

श्रोतेहो, मोटारीचे पुढचे दोन दिवे म्हणजे तिचे डोळे, असें आपण सहज बोलून जातों. ही उपमा अर्धीच खरी आहे. डोळा पाहतो, तो दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बोचत नाहीं. मोटारीचा दिवा मात्र ज्या क्षणीं एकाला वाट दाखवितो, त्याच क्षणीं समोरून येणाऱ्या दुसऱ्याची वाट पुसून टाकूं शकतो. गेल्या सव्वाशे वर्षांत या दिव्यांत ज्या सुधारणा झाल्या त्यांचा इतिहास चाळला, तर एकच गोष्ट पुन्हां पुन्हां दृष्टीस पडते. प्रत्येक पिढीनें आधीं उजेड वाढविला, आणि मग तो वाढलेला उजेड आवरण्याचा उपाय शोधला. जुन्या मोटारीचे मंद झालेले दिवे दुरुस्त करूं पाहणाऱ्या, किंवा ते काढून अधिक तेजस्वी दिवे बसवूं पाहणाऱ्या माणसाला हा इतिहास ठाऊक असला, तर त्याचा पैसा वांचेल. आणि कदाचित् एखाद्या वाटसरूचा जीवहि वांचेल. म्हणून आज या विषयाचा विचार करावयाचा आहे, आणि तो धाराशिव जिल्ह्यांतील रस्ते नजरेपुढें ठेवून करावयाचा आहे.

हा जिल्हा निवडण्यास कारण आहे. मोटार येण्याच्या कितीतरी आधींपासून येथील रस्ते रात्रीं जागे आहेत. सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा मोठा रस्ता नळदुर्ग व उमरगा यांवरून जातो. नळदुर्गाचें महत्त्व एवढें होतें, कीं पूर्वीं सारा जिल्हाच त्या नांवानें ओळखला जात असे. पुढें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सेना हैदराबादेकडे निघाली ती सोलापुराहून याच रस्त्यानें, आणि बोरी नदीवरील पूल शाबूत हातीं आल्यामुळें तिची पुढची वाट मोकळी झाली. दुसरा रस्ता सोलापुराहून तुळजापूरचा घाट चढून धाराशिवास, आणि तेथून येडशीवरून बीडकडे जातो. नवरात्रांत व आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास या वाटेनें असंख्य भाविक भवानीच्या दर्शनासाठीं पायीं चालत येतात, आणि त्यांतले पुष्कळजण ऊन चुकविण्यासाठीं रात्रींच चालतात.

रेल्वेनें या जिल्ह्याला फारसा हात दिला नाहीं. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ सालीं लातूरपर्यंत पोंचला. परंतु तो येडशीवरून गेला, आणि धाराशिव शहर त्याच्यापासून दूर राहिलें. शहरावरून आगगाडी जाऊं लागली ती या शतकाच्या पहिल्या दशकांत, तो मार्ग रुंद झाला तेव्हां. म्हणजे जवळजवळ सारें विसावें शतक जिल्ह्याच्या ठिकाणीं जावयाचें तर शेवटचा टप्पा रस्त्यानेंच गांठावा लागे, आणि रात्रींची वेळ असली तर दिव्याच्या भरंवशावर गांठावा लागे. ज्या हैदराबाद संस्थानांत हा जिल्हा होता, तेथें १९३२ सालीं निझामाच्या सरकारी रेल्वेनें स्वतःचें मोटारखातें काढलें, तेंहि अवघ्या २७ बसगाड्या घेऊन. रस्ता जुना, मोटार नवी, आणि दोहोंमध्यें रात्रींचा अंधार, अशी ही स्थिति होती.

या रस्त्यांवरचा सर्वांत जुना दिवा म्हणजे भवानीच्या भुत्यांच्या हातांतील पोत. चिंध्यांचा पीळ तेलांत भिजवून पेटविला, कीं चार पावलांपुरता उजेड पडे. बैलगाडीखालीं टांगलेला रॉकेलचा कंदीलहि त्याच मापाचा. पण पायीं चालणाऱ्याला आणि बैलाला चार पावलांपलीकडचें पाहण्याची गरजच काय? थांबावयाचें म्हटलें तर दोघेहि चार पावलांत थांबूं शकतात. येथेंच दिव्याचा पहिला नियम आपल्या हातीं येतो. जितक्या अंतरांत थांबतां येईल, तितक्या अंतरापर्यंत तरी दिसलें पाहिजे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. चालकाला धोका कळून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांत २५ मीटर संपले. पुढें ब्रेक चांगले असून रस्ता कोरडा असला, तरी गाडी उभी राहण्यास आणखी तितकेच मीटर लागतात. म्हणजे ५० मीटर झाले. ताशीं ८० चा वेग धरला तर हाच हिशेब ७५ मीटरांवर जातो. मोटारीच्या दिव्याचा सारा इतिहास म्हणजे या अंतरामागें धांवण्याचा इतिहास आहे.

पहिल्या मोटारींना दिवे होते ते घोड्यांच्या बग्ग्यांचेच. त्यांतील तेलाची वात रस्ता उजळीत नसे. येथें कांहीं येत आहे एवढें ती समोरच्याला कळवी. घोड्याला स्वतःचे डोळे असल्यानें बग्गीचें तेवढ्यावर भागे. मोटारीला घोडा नव्हता, आणि तो उणेपणा लवकरच भासूं लागला. तो भरून काढला कार्बाइडच्या दिव्यानें. मूळचे कॅनडांतील टॉमस विल्सन यांना १८९२ सालीं अमेरिकेंत प्रयोग करतांना विजेच्या भट्टींत कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सांपडली. या दगडासारख्या पदार्थावर पाणी पडलें, कीं ॲसिटिलीन वायु निघतो, आणि तो पेटविला कीं शुभ्र ज्योत मिळते.

या दिव्याची रचना मोठी समजण्याजोगी होती. दोन कप्प्यांचा एक डबा. वरच्या कप्प्यांत पाणी, खालच्यांत कार्बाइडचे खडे. वरचा स्क्रू थोडा सैल केला, कीं थेंबथेंब पाणी खालीं गळे, आणि निघालेला वायु रबरी नळीनें पुढच्या दिव्यांत जाई. तेथें ज्योतीच्या मागें अंतर्गोल आरसा बसविलेला असे. तो तिचे किरण गोळा करून पुढें फेंकी. तुळजापूरच्या घाटासारख्या वळणावर या दिव्यानें प्रथमच रस्त्याची कड दुरून दिसूं शकली असती. पण त्याची सेवाहि तितकीच होती. ज्योतीचें बारीक भोंक काजळीनें बुजे, रबरी नळी उन्हानें तडके, पाणी अर्ध्या वाटेंत संपे, आणि मुक्कामाला पोंचल्यावर डब्यांत सांचलेला चुन्याचा चिखल उपसून टाकावा लागे. तथापि एक गुण विसरतां येत नाहीं. दिवा कां विझला हें चालकाला डोळ्यांनीं दिसत असे. त्याचा दोष कधींच झांकलेला नव्हता.

आणखीहि एक गोष्ट याच दिव्यानें प्रथम दाखवून दिली. आरशानें गोळा केलेला पांढरा झोत समोरच्याचे डोळे दिपवितो, ही तक्रार पाश्चात्य देशांत तेव्हांपासूनच ऐकूं येऊं लागली. तेलाच्या वातीविषयीं असें कोणी म्हटलें नव्हतें. उजेड वाढला, त्याबरोबर त्याचा उपद्रवहि जन्मास आला.

यानंतर वीज आली. आरंभींच्या बल्बांतील कोळशाचा तंतु रस्त्याच्या धक्क्यांनीं तुटे. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम कूलिज यांनीं टंगस्टन धातूची चिवट तार ओढण्याची रीत शोधली, आणि धक्के सोसणारा बल्ब शक्य झाला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांच्या योजनेनें गाडी सुरू करणें, इंजिनांत ठिणगी पाडणें आणि दिवे लावणें हीं तिन्ही कामें एकाच विद्युत्-व्यवस्थेकडे आलीं. तेव्हांपासून दिवा हा गाडीला बाहेरून अडकविलेला पदार्थ राहिला नाहीं. तो इंजिन, डायनामो, बॅटरी, तारा आणि गाडीचा पत्रा या साऱ्यांचा आश्रित झाला. कार्बाइडच्या दिव्याचा दोष दिव्यांतच असे. विजेच्या दिव्याचा दोष पुष्कळ वेळां दिव्याच्या बाहेरच असतो. जुन्या मोटारीच्या मालकाला जो खर्च व्यर्थ पडतो, तो बहुधा हा भेद न कळल्यामुळें.

आतां दिपविण्यावरचा उपाय. इंग्लंडांतील पुष्कळ मोटारींत १९३० च्या दशकांत अशी योजना होती, कीं समोरून गाडी आली म्हणजे चालकानें कळ दाबावी. त्यासरशीं एक दिवा विझे आणि दुसऱ्याचा आरसा खालीं व रस्त्याच्या कडेकडे कले. उपाय खरा, पण अर्धा उजेड गमावून मिळविलेला. त्याहून सुबक तोड जर्मनींत १९२० च्या दशकांत निघाली होती: एकाच बल्बांत दोन तंतु. एक दूरच्या झोताचा, दुसरा जवळच्या. आपले चालक ज्यांना ‘अप्पर’ आणि ‘डिपर’ म्हणतात, ते हेच दोन. जवळच्या तंतूच्या खालीं धातूची इवलीशी वाटी बसविलेली असते. ती खालीं जाणारे किरण अडविते. त्यामुळें परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो, आणि तेथून तो उतरत्या दिशेनें रस्त्यावर जातो. ही वाटी ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१९४० मध्यें अमेरिकेनें आणखी एक पाऊल टाकलें. तंतु, परावर्तक आणि कांच हीं एकत्र वितळवून बंद केलेला ‘सील्ड बीम’ दिवा तेथें सर्व मोटारींना बसूं लागला. त्याचा व्यास सात इंच. आंत धूळ नाहीं, दमट हवा नाहीं. परावर्तक कधीं काळवंडावयाचा नाहीं. तंतु तुटला तर मात्र सारा दिवाच फेंकून द्यावयाचा. आपल्या देशांत १९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईंत जोडण्यास आरंभ केलेल्या जीपच्या घराण्यांत, १९५७ पासून उत्तरपाड्यास तयार होऊं लागलेल्या अँबेसेडरमध्यें, आणि मुंबईच्या प्रीमियर कारखान्यांतून आलेल्या फियाटमध्यें हाच सात इंचांचा गोल दिवा रूढ झाला. अँबेसेडर तर २०१४ पर्यंत निघत होती. म्हणून धाराशिव, उमरगा, परंडा किंवा भूम येथें आजहि एखादी जुनी गाडी कोणी प्रेमानें संभाळून ठेविली असेल, तर तिच्या कपाळावर बहुधा हा सात इंचांचाच दिवा सांपडेल.

अशा गाडीचे दिवे मंद पडले म्हणजे मालक प्रथम बल्ब बदलतो, आणि नव्या बल्बानेंहि उजेड पडला नाहीं म्हणजे त्याहून मोठा बल्ब आणतो. येथें थोडें गणित केलें तर बरें. साधारण हेडलाइटचा बल्ब ५५ ते ६० वॅटचा असतो. बारा व्होल्टांच्या गाडींत तो सुमारें ५ अँपिअर प्रवाह घेतो. दोन बल्ब मिळून १०. आतां तीस-चाळीस वर्षांच्या तारा, गंजलेले सांधे, झिजलेली कळ आणि रंगाखालीं दडलेला पत्रा मिळून वाटेंत केवळ एक-पंचमांश ओहमचा अडथळा झाला, तरी त्यांत दोन व्होल्ट खर्ची पडतात. बारापैकीं दोन म्हणजे सहावा हिस्सा. परंतु तंतूचा उजेड दाबाच्या प्रमाणांत घटत नाहीं, त्याहून कितीतरी वेगानें घटतो. दाब शेकडा १० नें उतरला, तर उजेड शेकडा ३० च्या सुमारास उतरतो. आणि दाबाचा सहावा हिस्सा गेला, तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. बल्ब निर्दोष असतो. त्याला पोटभर वीजच मिळत नाहीं. त्या जागीं मोठा बल्ब बसविला, तर तो अधिक प्रवाह ओढतो, वाटेंतील घट आणखी वाढते, आणि तारा तापतात. उपाशी बैलाच्या जागीं त्याहून दांडगा बैल जुंपावा आणि वैरण तेवढीच ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

तेव्हां शोध कसा करावा? प्रथम नुसतें पाहावें. दोन्ही दिवे मंद असून इंजिनाची गति वाढविली कीं उजळत असतील, तर दोष बॅटरी, डायनामो, त्याचा पट्टा किंवा दाब राखणारा रेग्युलेटर यांपैकीं कोठें तरी आहे. जुना डायनामो मंद गतीवर फारशी वीज देत नाहीं, हेंहि लक्षांत असूं द्यावें. पुढें आलेल्या अल्टर्नेटरनें ती उणीव पुष्कळ दूर केली. एकच दिवा मंद असेल, तर दोष त्याच्याच होल्डरांत, सांध्यांत किंवा परावर्तकांत असतो. बल्ब वरचेवर जात असतील, तर दिवा आपल्या जागीं खिळखिळा झाला आहे, किंवा रेग्युलेटर प्रमाणाबाहेर दाब देत आहे. आणि डिपर लावतांच दूरचा तंतुहि मिणमिणूं लागला, किंवा वळण दाखविणारा दिवा उगीच लुकलुकूं लागला, तर समजावें कीं विजेला परत जाण्याची वाट सांपडत नाहीं, आणि ती दुसऱ्याच्या घरांतून वाट काढीत आहे.

या परतीच्या वाटेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण जुन्या गाड्यांचे अर्धेअधिक रोग तेथेंच असतात. बॅटरीच्या एका टोंकापासून वीज तारेनें दिव्यापर्यंत जाते. पण परत येते ती गाडीच्या पत्र्यांतून. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. इंग्लंडहून आलेल्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक पत्र्याला जोडलेलें असे. नंतरच्या गाड्यांत ऋण टोंक जोडण्याची रीत पडली. म्हणून कांहींहि नवें बसविण्यापूर्वीं आपल्या गाडींत कोणतें टोंक पत्र्याला आहे, हें पाहून घ्यावें. जाणाऱ्या तारेकडे सर्वांचें लक्ष असतें. परतीच्या सांध्याकडे कोणाचेंच नसतें. पत्र्याला एकदां नवा रंग दिला, पावसाचें पाणी शिरलें, काळ्या मातीची धूळ बसली, कीं तो सांधा बाहेरून धड दिसतो आणि आंतून तुटलेला असतो. व्होल्टमापकाची एक टोंकणी बॅटरीच्या पत्र्याकडील टोंकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावून, दिवा चालू असतां पाहावें. कांटा अर्ध्या व्होल्टाच्याहि पुढें गेला, तर सांधा रोगी आहे. मापक नसेल, तर एक जाड तार घेऊन दिव्याचा अर्थ थेट बॅटरीच्या त्याच टोंकाला क्षणभर जोडून पाहावा. दिवा एकदम उजळला, तर निदान झालें. उपाय म्हणजे रंग खरवडून पत्रा उघडा करावा, नवा बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीनचें बोट फिरवावें. याला नवा बल्ब लागत नाहीं.

वीज पुरी मिळाली तरी उजेड पुरा मिळेलच असें नाहीं. ज्या दिव्यांची कांच सुटी होते, त्यांच्या परावर्तकाचा मुलामा वर्षानुवर्षांच्या धुळीनें व ओलीनें मळकट होतो. तो घांसून चमकविण्याच्या भरीस पडूं नये. पातळ मुलामा बोटाच्या घांसण्यानेंहि निघून जातो, आणि एकदां गेल्यावर दिव्याचा सारा भाग बदलण्यावांचून गत्यंतर नसतें. त्यानंतर दिव्याचा रोंख पाहावा. गाडी सपाट जागीं, चाकांत हवा नेमकी असतां, भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. डिपरच्या उजेडाची वरची कड भिंतीवर दिव्याच्या मध्यापेक्षां सुमारें १० सेंटिमीटर खालीं पडली पाहिजे. मागें माणसें व सामान भरलें कीं गाडीचें नाक वर होतें आणि झोतहि वर चढतो. म्हणून नेहमींच्या ओझ्यासह ही परीक्षा करावी. युरोपांत १९५७ पासून डिपरचा झोत एका बाजूस थोडा उंच ठेवण्याची पद्धत निघाली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतों, म्हणून आपल्याकडे ती उंच बाजू डावी असावयास हवी. उजव्या बाजूनें चालणाऱ्या देशांतला दिवा येथें बसविला, तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

एवढें केल्यावर मग सुधारणेचा विचार योग्य ठरतो. युरोपांत १९६२ सालीं हॅलोजन बल्ब मोटारींत आला; आणि दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब, ज्याला बाजारांत ‘एच फोर’ म्हणतात, १९७१ मध्यें आला. त्यांत आयोडिन किंवा ब्रोमिन यांच्या वाफेचा अंश असतो. तंतूवरून उडालेला टंगस्टन कांचेवर न बसतां या वाफेशीं संयोग पावतो आणि पुन्हां तंतूकडे परततो. म्हणून कांच काळी पडत नाहीं, आणि तंतु अधिक तापवितां येतो. ६०/५५ वॅटचा हा बल्ब दूरच्या झोतांत सुमारें १६५० ल्यूमेन व जवळच्या झोतांत सुमारें १००० ल्यूमेन उजेड देतो. सात इंचांचा जुना दिवा काढून त्या जागीं याच बल्बाचा सात इंचांचा दिवा बसवितां येतो. गाडीचें रूप बदलत नाहीं. बसवितांना कांचेला बोट लावूं नये. बोटाचें तेल तापून कांच तेथेंच फुटते.

याबरोबर दुसरी वस्तु घ्यावी ती रिले. जुन्या गाडींत दिव्यांचा सारा प्रवाह चालकासमोरच्या कळींतून जाऊन परत पुढें येतो. रिले बसविला कीं कळींतून जाणारा प्रवाह अगदीं थोडा होतो. तो नुसता हुकूम देतो, आणि दिव्याची वीज बॅटरीपासून जाड तारेनें, फ्यूजमधून, जवळच्या वाटेनें दिव्याला मिळते. कमी खर्चाची आणि निश्चित गुण देणारी सुधारणा हीच आहे. त्याऐवजीं बाजारांत १००/९० वॅटचे बल्ब मिळतात. ते दोन मिळून सुमारें १७ अँपिअर ओढतात. जुनें होल्डर त्यांत वितळतें, तारेचें आवरण करपतें, आणि समोरच्याच्या वाट्याला येणारा त्रास तेवढा वाढतो.

आजच्या एल. ई. डी. बल्बांचेंहि असेंच आहे. १९९१ मध्यें झेनॉनचे दिवे मोटारींत आले. त्यानंतर २००७ च्या सुमारास एल. ई. डी. आले, आणि आज नव्या गाड्यांत ते उत्तम काम देतात. कारण त्यांचे परावर्तक आणि भिंगें त्यांच्यासाठींच घडविलेलीं असतात. परंतु जुन्या हॅलोजनच्या परावर्तकांत तंतूच्या जागीं एल. ई. डी. चा खुंट खोंवला, कीं प्रकाशाचें उगमस्थान हलतें, मघांची ती वाटी आपलें काम चोख करूं शकत नाहीं, आणि डिपरची स्वच्छ कड विसकटते. जवळचा रस्ता लखलखीत दिसतो, म्हणून चालकाला वाटतें कीं उजेड वाढला. दूरचें मात्र दिसेनासें होतें, आणि समोरचा आंधळा होतो.

येथें आपल्याकडील एका जुन्या रिवाजाची आठवण होते. दिव्याच्या वरच्या अर्ध्या कांचेला काळा रंग फांसण्याची चाल आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षें होती. हेतु चांगला होता: समोरच्याला त्रास होऊं नये. पण वाटीच्या बल्बांत डिपरचा उजेड परावर्तकाच्या वरच्याच अर्ध्या भागावरून येतो, हें आपण पाहिलें. म्हणजे हा काळा पट्टा नेमका त्या सौम्य उजेडालाच झांकीत असे, आणि चालक मग नाइलाजानें अप्परवर चाले! सद्‌हेतूला यंत्राचें ज्ञान जोडलेलें नसलें म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

कायद्यानें या सौजन्याला माप दिलें आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें दिव्यांच्या उजेडांत पुढें १५५ मीटरांवरील माणसें व वाहनें स्पष्ट ओळखूं आलीं पाहिजेत. आणि त्याच नियमांप्रमाणें झोत असा खालीं वळविलेला असला पाहिजे, कीं पुढें ८ मीटरांवर, उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवूं शकणार नाहीं. दीड मीटर ही उंची कोणाची? समोरच्या चालकाची म्हणा. पण पायीं चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंचीहि जवळजवळ तीच आहे.

धाराशिवच्या रस्त्यांवर तो पायीं चालणारा माणूस कल्पनेंतला नाहीं. चौपदरी महामार्गावर मधला दुभाजक कांहीं प्रमाणांत बचाव करतो. पण गांवोगांव जाणाऱ्या एकपदरी रस्त्यांवर दुभाजक कोठला? ढोकीच्या तेरणा कारखान्यासारखे साखर कारखाने जिल्ह्यांत उभे राहिल्यापासून हंगामांत उंसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या याच रस्त्यांनीं रात्रीं चालूं लागल्या. त्यांच्या मागें बहुधा दिवा नसतो. असलाच तर लाल चकाकणारा पट्टा असतो. तो पट्टा स्वतः प्रकाशत नाहीं. आपल्या दिव्याचा उजेड त्यावर पडून आपल्याकडे परततो, तेव्हांच तो दिसतो. गाडीवानाचा मागचा दिवा लावणें हें अशा रीतीनें मागून येणाऱ्या मोटारवाल्याच्या हातीं आहे. आपला दिवा मंद असेल तर त्याची गाडी अंधारांत बुडते. आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीचा झोत आपल्या डोळ्यांत असेल, तर आपला दिवा कितीहि चांगला असला तरी ती बुडतेच. उंसानें भरलेल्या उभ्या ट्रॉलीवर रात्रीं मोटार आदळल्याचें वृत्त आपण वाचतों, तेव्हां त्यामागें या दोहोंपैकीं एखादें कारण असूं शकतें.

म्हणून, श्रोतेहो, जुन्या गाडीच्या मालकाला एवढीच विनंती आहे. दिवा विकत घेण्यापूर्वीं सांधा तपासावा. उजेड वाढविण्यापूर्वीं रोंख तपासावा. आणि काम पुरें झाल्यावर एकदां गाडीच्या पुढें आठ मीटरांवर स्वतः उभें राहून, दुसऱ्याला डिपर लावावयास सांगून पाहावें. ज्या जागीं उद्यां तुळजापुराकडे निघालेला एखादा वाटसरू असणार, त्या जागीं क्षणभर आपण उभे राहिलों, म्हणजे आपला दिवा खरोखर सुधारला कीं नाहीं, हें सांगण्यास दुसऱ्या कोणा कारागिराची गरज राहत नाहीं.